बांगड्यांचा डबा

मी मुर्ध्यातून बोलतेय, भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की लागतं ते आमचं गाव. बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. मी बोलायला आले की तुम्हाला वाटतं, आज पासबुक नाहीतर कर्जाचा हप्ता, नाहीतर पापडाचं पॅकिंग. आज तसं नाही. आज मी माझ्या लहानपणच्या लाडक्या खेळाडूंबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात बचत गटातूनच करते, कारण विषय तिथेच निघाला.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. कर्जमागणीची वेळ आली तेव्हा एक ताई हळूच म्हणाली, "मला तीन हजार पाहिजेत. मुलीला कबड्डीचे बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि येण्याजाण्याचं भाडं." मुलगी नववीत आहे. शाळेच्या संघात तिची निवड झाली आहे.

सगळ्या गप्प झाल्या. आमच्या रजिस्टरमध्ये कर्जाचं कारण लिहायचा रकाना आहे. त्यात आजपर्यंत आजारपण, फी, धंदा, घरदुरुस्ती, लग्न अशीच कारणं लिहिली गेली. खेळ कधीच लिहिला गेला नव्हता. एक जण म्हणाली, "हे काय कर्जाचं कारण झालं? आज बूट, उद्या बॅट." तिचंही चुकत नव्हतं. पैसा सगळ्यांचा असतो. मी म्हटलं, "पुढच्या बैठकीत ठरवू." घरी आले आणि रात्री मला माझा बांगड्यांचा डबा आठवला.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. १९९९ सालची गोष्ट. माझी आतेबहीण भाईंदरच्या एका कॉलेजात शिकायची आणि कॉलेजच्या कबड्डी संघात होती. कॉलेजच्या मैदानावर मुलांचं क्रिकेट चालायचं, मुलींना सरावाला जागा मिळायची नाही. म्हणून भातकापणी झाली की रविवारी त्या सगळ्या जणी आमच्या गावात यायच्या. आत्याचं शेत रिकामं असायचं. पाणी मारायचं, जमीन चोपायची, फक्कीनं रेषा मारायच्या, की झालं मैदान. बायकांचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असतं, हे मी शाळेतल्या पुस्तकात नाही, त्या शेतात शिकले. आतेबहीण ते पावलांनी मोजायची.

कबड्डीत दागिने चालत नाहीत. पकड होते तेव्हा काच फुटून हाताला लागते, कानातलं ओढलं जातं. नखंही कापलेली लागतात. म्हणून खेळायच्या आधी सगळ्या जणी बांगड्या, कानातली, चेन काढायच्या आणि एका स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. तो डबा सांभाळायचं काम माझं. कुणाच्या किती बांगड्या, कुणाचे डूल कुठले, मला सगळं पाठ होतं. खेळ संपला की मी एकेकीला तिचं तिचं परत द्यायची. एक चिमटा हरवला नाही माझ्याकडून. म्हणाल तर माझा पहिला हिशोब तोच.

आता माझ्या लाडक्या खेळाडू सांगते. नावं सांगत नाही, त्या आता सासू-सुना झाल्या आहेत, त्यांना विचारल्याशिवाय रेडिओवर नावं घेणं बरं नाही.

पहिली माझी आतेबहीणच. चढाईला जायची. अंगानं काटकुळी, पण पाय असा लांबवायची की समोरच्या मुली मागे सरकेपर्यंत तिच्या अंगठ्यानं बोनस रेषा ओलांडलेली असायची. पंचांकडे बघून हसायची आणि परत यायची.

दुसरी उत्तनची कोळीण. मध्ये उभी राहायची. मासळीच्या टोपल्या उचलून तिचे खांदे असे झाले होते की चढाई करणारी तिच्या अंगावर आली तर तिथेच थांबायची. सामन्यात बडबड करायची. समोरचीला विचारायची, "काय गो बाय, जेवून आलीस का नाय?" समोरची हसायची आणि तिचा श्वास तुटायचा.

तिसरी त्यांची कर्णधार. ती कधी ओरडली नाही. कुणाचं चुकलं तर तिच्या पाठीवर हात ठेवायची.

आणि चौथी डाव्या कोपऱ्यातली ताई. ती माझी सगळ्यात लाडकी. तिच्या घरचे मिठागरावर कामाला जायचे, सुट्टीत तीही जायची. खेळात एक शब्द बोलायची नाही. कमरेत वाकून उभी राहायची, जणू तिचं लक्षच नाही. समोरची बोनस घ्यायला पाय टाकायची, आणि हिनं घोटा धरलेला असायचा. एकदा धरला की सुटायचा नाही. मी तिच्यासारखी वाकून आरशासमोर उभी राहायची. आई म्हणायची, "पोट दुखतंय का गो तुझं?"

तेव्हा गावात मंडळांचे रात्रीचे सामने व्हायचे. ट्यूबलाइट लावायच्या, लाउडस्पीकर लावायचा. सामने बाप्यांचेच. पण एक-दोन वर्षं मुलींचेही ठेवले आणि आमच्या या सगळ्या जणी मिळून त्यात उतरल्या. हाफ पँट घातलेल्या मुली बघून पहिल्या दिवशी बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच बायका "धर, धर तिला!" म्हणून ओरडत होत्या. माझी आजी तर उभी राहिली होती.

२००१ च्या फेब्रुवारीतला सामना मी विसरले नाही. डाव्या कोपऱ्यातल्या ताईचं जानेवारीत लग्न झालं होतं. ती तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सामना बघायला सासरची माणसंही आली होती. मी नेहमीसारखा डबा घेऊन पुढे गेले. सगळ्यांनी बांगड्या काढल्या. तिच्या हातात हिरवा चुडा होता.

पंच म्हणाले, "काचेच्या बांगड्या घालून खेळता येणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "महिना नाही झाला लग्नाला, चुडा कसा उतरवायचा?" त्या काही दुष्ट नव्हत्या. कौतुकानं सामना बघायला आल्या होत्या. पंचांचं नियमानं बरोबर, सासूबाईंचं रीतीनं बरोबर. कर्णधार ताईनं एकदा समजावून बघितलं. मग डाव्या कोपऱ्यातली ताई स्वतःच म्हणाली, "राहू दे." ती माझ्या बाजूला येऊन बसली. राखीव मुलगी तिच्या जागी गेली. आम्ही दोन गुणांनी हरलो. पूर्ण सामनाभर डबा तिच्याच मांडीवर होता.

त्यानंतर ती खेळली नाही. कॉलेजही सुटलं. मैत्रिणींनो, तिला कुणी पकडून बाद केलं नव्हतं, कुणी रागावलंही नव्हतं. फक्त "ती खेळू दे" असं म्हणणारं त्या दिवशी पुरेसं कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, गावातल्या एका सामन्याचं एवढं काय? म्हणून जरा मोठ्या मैदानाचं सांगते. पुरुषांची कबड्डी आशियाई स्पर्धेत आली १९९० साली, बीजिंगला. बायकांची आली २०१० साली, ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षं गेली. म्हणजे माझ्या लाडक्या खेळाडू जेव्हा ऐन भरात होत्या, तेव्हा बायकांच्या कबड्डीला आशियाई पदकच नव्हतं. त्यांना घरी विचारायचे, "खेळून काय मिळणार?" आणि त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

२०१० ला पहिल्याच वेळी भारताच्या मुलींनी सुवर्ण आणलं. २०१२ च्या मार्चमध्ये पाटण्याला बायकांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतानं इराणला २५-१९ असं हरवलं. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या: अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. राज्य सरकारनं तिघींना एक-एक कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. पुढे २०१५ चा अर्जुन पुरस्कार अभिलाषाला मिळाला. म्हात्रे हे आडनाव आमच्या भागात घरोघरी. त्यामुळे आमच्याकडे तर आपलीच पोरगी जिंकल्यासारखं झालं.

मी ते वर्तमानपत्र घेऊन डाव्या कोपऱ्यातल्या ताईकडे गेले होते. ती आता बाजूच्या राई गावात असते. तिनं फोटो बराच वेळ बघितला. मग विचारलं, "ही म्हात्रे किती वर्षांची असेल?" मी म्हटलं, "पंचविशीच्या आसपास." ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "चहा टाकते."

आता मुंबईच्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव सोनाली शिंगटे, लोअर परळची. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची. तिला लहानपणी क्रिकेट आवडायचं, पण त्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता. परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकताना ती कबड्डीकडे वळली. तेव्हा बूट घ्यायलाही पैसे नव्हते. शिवशक्ती महिला संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी तिला बूट आणि खेळाचं सामान दिलं. संघातल्या मोठ्या खेळाडूंनी, गौरी वाडेकर आणि सुवर्णा बारटक्के यांनी, तिला हाताशी धरलं. हो, विश्वचषक जिंकलेली तीच सुवर्णा. पुढे सोनालीला पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, आपण भाईंदरहून ज्या गाडीला लटकतो त्याच पश्चिम रेल्वेत. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला रौप्य मिळालं, त्या संघात सोनाली होती.

ही गोष्ट मी का सांगितली? सोनालीनं मेहनत केली हे खरंच, पण बूट दुसऱ्या कुणीतरी दिले, आणि आधी पुढे गेलेल्या बाईनं मागे वळून हात दिला. माझ्या ताईची मेहनत काही कमी नव्हती. तिच्या वेळी हात देणाऱ्या कमी पडल्या.

कबड्डीचा एक नियम तुम्हाला माहीत असेल. एका बाजूला सात जणी खेळतात. एखादी बाद झाली की बाहेर बसते. पण तिच्या संघानं समोरची एक बाद केली की बाहेर बसलेली एक पुन्हा आत येते. आधी बाद झालेली आधी आत येते. आपल्या आजोबांच्या वेळी हुतूतूचे वेगवेगळे प्रकार होते. एकात बाद झालेला बादच राहायचा. दुसऱ्यात तो परत यायचा, त्या प्रकाराचं नाव संजीवनी. आजची कबड्डी त्या संजीवनीवरून आली. बाहेर बसलेली खेळाडू स्वतःच्या ताकदीनं आत येऊ शकत नाही. तिची मैत्रीण गुण घेऊन आली तरच ती येते. मला विचाराल तर बचत गट म्हणजे हेच. नवऱ्याचं काम सुटलं, घरात आजारपण आलं, एखादी बाई बाहेर बसली, तर बाकीच्या जणी तिला परत आत आणतात.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. आणि मनात ठेवलेली एक गोष्टही सांगितली. मी स्वतः त्याच भागात कॉलेजला गेले तेव्हा कबड्डीच्या यादीत नाव दिलं होतं. सराव संध्याकाळी असायचा, परतायला अंधार व्हायचा. घरी कुणी नको म्हणालं नाही, कारण मी घरी विचारलंच नाही. आपणच जाऊन नाव खोडून आले.

मग मुलीची आई म्हणाली, "पैशांचं जमेल ताई, पण तिचे बाबा तेच म्हणतात. सराव भाईंदरला, सुटतो साडेसातला. पोरीला घेऊन कोण येणार? मी तर तेव्हा डबे पोचवायला जाते." म्हणजे बघा, खरी अडचण तीन हजारांची नव्हतीच.

त्या दिवशी आम्ही दोन ठराव केले. पहिला, तीन हजारांचं कर्ज, नेहमीच्याच व्याजानं, दरमहा पाचशे मुद्दल, सहा महिने. कारणाच्या रकान्यात "खेळ" असं लिहिलं. दुसरा ठराव पाळीचा. सराव आठवड्यातून चार दिवस. त्यातल्या तीन दिवसांना गटातल्या तिघी पुढे आल्या, ज्या एरवीही बाजाराला भाईंदरला जातातच. आणि जिनं "आज बूट, उद्या बॅट" म्हटलं होतं, तिनं मंगळवार घेतला. म्हणाली, "हप्ता चुकला तर मी तिथेच वसूल करीन."

शनिवार राहिला होता. मी राईच्या ताईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण शनिवारी स्टँडवर येऊन उभी होती. मुलीला म्हणाली, "वाकून दाखव कशी उभी राहतेस ते." मुलगी वाकली. ताई म्हणाली, "अजून खाली. आणि नखं काप."

आता ज्यांच्या घरात, गटात अशी खेळणारी मुलगी आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. लिहून घ्या.

एक, शाळेच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. शाळेतल्या खेळाच्या सरांना किंवा बाईंना जाऊन भेटा. आई भेटायला आली की शाळा त्या मुलीकडे वेगळ्या नजरेनं बघते.

दोन, प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, झेरॉक्स काढून ठेवा. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. आमची ती कर्णधार ताई खेळामुळेच पोलिसात लागली.

तीन, मातीवर मुली अनवाणी खेळायच्या. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि मॅटवर बूट लागतात. म्हणून बूट हा नखरा नाही.

चार, मुलीच्या ताटात मुलाइतकंच वाढा. महागड्या पावडरी नकोत. अंडं, सुकट, नाचणीची भाकरी, शेंगदाणे-गूळ, कडधान्य पुरे. दमते, धाप लागते असं वाटलं तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.

आणि पाच, तिला आणायला कोण जाणार, ते गटात ठरवा.

सगळ्याच मुली पदकं आणणार नाहीत. आमची मुलगी जिल्ह्यापर्यंत जाईल की पहिल्याच सामन्यात हरेल, मला माहीत नाही. मोठ्या खेळाडूंनाही सगळं सरळ मिळालेलं नाही. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर बायकांचे तीन संघ करून सामने झाले. अभिलाषा त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. एक हंगाम झाला आणि ते बंद पडलं. पहिल्या विश्वचषकानंतर बायकांचा दुसरा विश्वचषक व्हायला तेरा वर्षं लागली. तो २०२५ ला ढाक्याला झाला, तोही भारतानंच जिंकला. मधल्या काळात, २०२३ ला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवून सुवर्ण परत आणलं. आणि मैत्रिणींनो, एका गुणाची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. आपण दहा-दहा रुपयांनी गट उभे केले आहेत.

तो स्टीलचा डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात मी गटाचा शिक्का आणि स्टँपपॅड ठेवते. मागच्या शनिवारी मी तो रिकामा केला आणि त्या मुलीकडे दिला. तिच्या संघातल्या मुलींना बांगड्या ठेवायला लागेल.

तुमच्या गावातही अशी एखादी डाव्या कोपऱ्यातली ताई असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. तिला विचारा, ती काय खेळायची. आणि पुढच्या बैठकीत तिला सोबत घेऊन या.